फ्यूजच्या अलीकडे

मेन स्विच बंद केला की बोटीतली वीज बंद होते, असा माझा पाच वर्षं पक्का समज होता. खांदेरीहून मुंबईला परतताना एका शनिवारी दुपारी तो समज जळाला, आणि त्याच्याबरोबर दोन मीटर केबलही.

जानेवारी होता. सकाळच्या मतलई वाऱ्यावर आम्ही खांदेरीपर्यंत झकास गेलो होतो. येताना नेहमीचंच झालं. मतलई मेला आणि खाऱ्या वाऱ्याला अजून वेळ होता. शीड लुळं पडलं, बोट नुसतीच डुलायला लागली आणि मी इंजिन चालू केलं. अठरा हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन, गुणी. वीसेक मिनिटं झाली असतील. मेहुणा खाली केबिनमध्ये चहा गाळत होता. तिथून त्याचा आवाज आला, "भावोजी, काहीतरी जळतंय. चहा नाही, प्लास्टिक."

इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून करडा धूर येत होता. मी ओरडलो, "मेन स्विच बंद कर!" त्यानं लाल मूठ फिरवली. पॅनलवरचे दिवे गेले, वायरलेस गप्प झाला. धूर मात्र वाढला.

"बंद केलाय, भावोजी. तरी येतोय."

त्या वाक्यानं पोटात जो गोळा आला तो आजही आठवतो. बॅटऱ्या डाव्या बर्थच्या खाली होत्या. गादी फेकली, फळी उचलली. टर्मिनलच्या क्लॅम्पला दहा-अकराचा पाना लागतो, आणि तो होता मागच्या पेटीत, दोरखंडांच्या ढिगाखाली, अवजारांच्या डब्यात. हाताला टॉवेल गुंडाळून निगेटिव्हचा क्लॅम्प ओढला. तो सरळ हातात आला. ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरवताना मी तो नीट आवळलाच नव्हता! एक मोठी ठिणगी उडाली आणि मग धूर हळूहळू बसला. माझ्या एका हलगर्जीपणानं त्या दिवशी मला दुसऱ्या हलगर्जीपणातून सोडवलं. चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीपासून माझे डोळे फूटभर अंतरावर होते, हे नंतर सुचलं.

डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज नसते, त्यामुळे घरी आलो. पण चालत्या इंजिनावर मेन स्विच बंद केल्यानं अल्टरनेटरची बॅटरीशी जोडणी तुटली आणि त्याचे डायोड गेले. म्हणजे त्या स्विचनं जे थांबवायचं ते थांबवलं नाही आणि जे शाबूत होतं ते मोडलं.

किनाऱ्यावर आल्यावर झाकण काढून पाहिलं. बॅटरीपासून मेन स्विचकडे जाणारी पॉझिटिव्ह केबल इंजिनाच्या खोलीतून जात होती. लाकडी आडभिंतीतल्या भोकाला रबरी बुश नव्हता. तिथून घसरून ती इंजिनाच्या पायाच्या लोखंडी ब्रॅकेटवर टेकली होती. इंजिनाच्या थरथरीनं तिचं कातडं थोडं थोडं कुरतडलं होतं. ब्रॅकेटवर वितळलेल्या तांब्याचा मोहरीएवढा मणी चिकटला होता. इंजिनाचं सगळं लोखंड बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे टेकणं म्हणजे बॅटरीची दोन टोकं थेट एकमेकांना लावणं. आणि पॅनलजवळचा 100 अँपिअरचा फ्यूज? नव्या नवरीसारखा तसाच. त्याला काही कळलंच नव्हतं.

कळणार कसं? शॉर्ट त्याच्या अलीकडे झाला होता. बॅटरीतून निघालेला प्रवाह ब्रॅकेटमार्गे माघारी फिरत होता. फ्यूजपर्यंत आणि स्विचपर्यंत तो पोचतच नव्हता. फ्यूज त्याच्या पलीकडच्या तारेची राखण करतो. अलीकडची तार बेवारस. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही; विचारली असती तर मीच कुणालाही सांगितली असती. पण दोन वर्षांपूर्वी बोटीचा तोल साधायला बॅटऱ्या मी स्वतःच मागून पुढे, बर्थखाली हलवल्या होत्या. केबल लांबवली आणि फ्यूज जागेवरच ठेवला. केबल लांबली तशी बेवारस हद्दही लांबली, हे लक्षातच आलं नाही.

बारा व्होल्टला माणूस घाबरत नाही, हे यातलं खरं दुखणं. शॉक लागत नाही, मग काय होणार? पण वेल्डिंगवाल्याच्या ठिणगीमागे तरी किती व्होल्ट असतात? वीस ते तीस. लोखंड वितळतं ते अँपिअरनी, आणि अँपिअर द्यायला बॅटरीइतका उदार दाता दुसरा नाही. घरच्या विजेच्या आणि आपल्यामध्ये कंपनीचे ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, एमसीबी असं बरंच काही असतं. बोटीत वीजकेंद्र बर्थखाली असतं, आपण त्यावर झोपतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला आपल्याशिवाय कुणी नसतं.

माझ्या वयाच्या लोकांना चिनी मातीचे 'किटकॅट' फ्यूज आठवत असतील. दिवे गेले की वडील मेणबत्ती धरायला लावायचे, किटकॅट ओढून काढायचे आणि तार जळालेली दिसली की तांब्याचे दोन पदर पिळून घालायचे. "आता नाही जाणार," असं समाधानानं म्हणायचे. फ्यूज न जाणं हे यश आहे, हा संस्कार तिथलाच. बोटीवर येणारे वायरमनही याच संस्कारातले. फ्यूज उडाला की ते एक नंबर मोठा घालतात, आणि मालक खूश होतो. मीही होत होतो.

त्या शनिवारनंतर मी पुस्तकं काढून बसलो. खरं तर बोट घेताना बसायला हवं होतं. पण 2009–10 मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून माझ्या डोक्यात फक्त शीड होतं. तारांकडे बघतो कोण!

बोटींच्या विजेबद्दल जगभर ज्याचा आधार घेतात ते अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं, म्हणजे एबीवायसीचं, ई-11 हे मानक. त्यात फ्यूज बॅटरीपासून तारेच्या लांबीनं 7 इंचांच्या आत हवा असं म्हटलं आहे. आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकात हाच आकडा 200 मिलिमीटर आहे. म्हणजे वीतभर. केबल बॅटरीच्या टर्मिनललाच जोडलेली असेल आणि तिच्यावर पूर्ण लांबीभर वेगळं संरक्षक आवरण असेल, तर एबीवायसी 72 इंचांपर्यंत जाऊ देते. हे वाचून मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, इंच टेपनं मोजू. माझ्या बोटीत अंतर भरलं 84 इंच, आवरणाशिवाय.

आणि याच मानकात एक पळवाट आहे, तीही सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ बोटी याच पळवाटेतून बिनफ्यूजच्या राहतात. इंजिनाच्या स्टार्टरकडे जाणाऱ्या केबलला फ्यूजची सक्ती नाही. स्टार्टर क्षणभर शेकडो अँपिअर ओढतो, ऐन वेळी फ्यूज उडून इंजिन चालू झालं नाही तर बोट खडकावर जाईल, हा त्यामागचा विचार. माझी जळालेली केबल मेन स्विचमार्गे स्टार्टरलाही पुरवठा करत होती. म्हणजे नियमाच्या पुस्तकातून पाहिलं तर माझी बोट निर्दोषच होती. निर्दोष आणि धुरानं भरलेली. तेव्हापासून मी ही सूट घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगत नाही. क्लॅम्प मीटर लावून स्टार्टर किती ओढतो ते पाहिलं: पहिल्या झटक्याला अडीचशेच्या आसपास, मग उतरता. फ्यूज आकडा ओलांडला की लगेच उडतो असं नाही. थोड्या जास्तीला तो बराच वेळ तग धरतो, फार जास्तीला क्षणात जातो. दोन-तीन सेकंदांच्या स्टार्टरला 300 चा फ्यूज निवांत सोसतो.

आता आकड्याकडे येतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: किती अँपिअरचा घालू? प्रश्न चुकीच्या टोकानं विचारला जातो. लोक उपकरणाचं नाव सांगतात, फ्रिज आहे, इन्व्हर्टर आहे. मी उलट विचारतो, केबल किती स्क्वेअरची, म्हणजे चौरस मिलिमीटरची, आहे, तिचं इन्सुलेशन किती अंशांचं आहे आणि ती कुठून जाते? फ्यूज केबलसाठी असतो. उपकरणाची भूक केबल ठरवते, आणि केबलची सहनशक्ती फ्यूज.

माझंच उदाहरण घ्या. 2000 वॅटचा इन्व्हर्टर आहे. 2000 ला 12 नं भागलं की 167 अँपिअर. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो ते धरून 190. त्यावर पंचवीस टक्के मोकळीक दिली की 240 च्या जवळ, म्हणजे बाजारात मिळणारा फ्यूज 250 चा. आता केबल अशी हवी की 250 अँपिअर सतत वाहिले तरी तिला ताप येणार नाही. 105 अंश सोसणाऱ्या इन्सुलेशनच्या 2/0 गेजच्या केबलला, म्हणजे आपल्याकडच्या 70 स्क्वेअरच्या जवळपासच्या केबलला, एबीवायसीच्या तक्त्यात 330 अँपिअर दिले आहेत. इंजिनाच्या गरम खोलीतून नेली तर 280. दोन्ही 250 च्या वर, म्हणजे जमलं. हीच केबल साध्या 70 अंशांच्या पीव्हीसी इन्सुलेशनची असती तर हे आकडे तिला लागू नव्हते, आणि इमारतींसाठीची बरीचशी केबल याच जातीची असते. केबलवर छापलेलं वाचा. दुकानदाराच्या "चालतंय की"वर जाऊ नका. आणि खाऱ्या हवेत कल्हईची केबल घ्या, म्हणजे जिच्या तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असतो. आजीला जे भांड्यांबद्दल कळत होतं ते आपल्याला केबलबद्दल कळायला हरकत नाही. वेल्डिंगची केबल लवचीक आणि स्वस्त म्हणून मोह होतो. माझ्या बोटीतल्या वेल्डिंग केबलचं तांबं दोन पावसाळ्यांत लगपासून, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडापासून, वीतभर आत हिरवं झालं होतं.

इथवर शहाणा झालो आणि पुढची चूक केली. बॅटरीपासून सहा इंचांवर फ्यूज बसवायचा ठरवला आणि तो आणला गाडीच्या म्युझिक सिस्टीमवाल्याकडून. एएनएल जातीचा, 250 अँपिअरचा, पारदर्शक डबीत, सोनेरी मुलाम्याचा. दिसायला दागिना. पुढच्या मोसमात लेड-ॲसिड काढून लिथियम घेतली. 280 अँपिअर-तासांचे चार एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल आणून बँक मीच बांधली, आणि फ्यूज तोच राहिला.

मग दिवाळीत माझा एक वर्गमित्र बोटीवर आला. तो व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे, सुट्टीवर घरी आला होता. त्यानं बर्थखाली डोकं घातलं, डबीवर टॉर्च मारला आणि विचारलं, "याची तोडण्याची ताकद किती?"

मी म्हटलं, "अडीचशे. लिहिलंय की वर."

"ते उडण्याचं झालं. तोडण्याचं विचारतोय."

हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा समजला, आणि माझ्या मते बोटवाल्यांपैकी बहुतेकांना तो समजलेला नसतो. फ्यूजमधली पट्टी वितळली म्हणजे काम संपलं असं नाही. पट्टी वितळून जी फट पडते तिच्यातून ठिणगीची कमान पेटते. घरातला प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्या कमानीला विझायची आयती संधी मिळते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. तो एकाच दिशेनं ढकलत राहतो. मागे प्रवाह फार मोठा असेल तर कमान विझत नाही. पट्टी गेलेली, डबी फुटलेली, आणि वीज फटीतून वाहतेच आहे! घरातली एमसीबी बोटीच्या बॅटरीवर का लावू नये, त्याचंही कारण हेच. म्हणून चांगल्या फ्यूजवर दोन आकडे असतात. मोठा छापलेला: कधी उडायचं. बारीक छापलेला: कमाल किती हजार अँपिअरचा शॉर्ट, किती डीसी व्होल्टला, तो खात्रीनं तोडेल. माझ्या सोनेरी फ्यूजवर बारीक अक्षर एकही नव्हतं.

मित्रानं डब्याच्या फळीवर पेन्सिलनं गणित केलं. एका सेलचा अंतर्गत रोध पाव मिलिओहम. चार सेल, एक मिलिओहम. 13 व्होल्ट भागिले एक मिलिओहम, तेरा हजार अँपिअर. जोडपट्ट्या, लग, केबल यांचा रोध मिळवला की प्रत्यक्षात कमी भरेल, पण हजारांतच. माझी जुनी लेड-ॲसिड शॉर्ट झाली असती तर दोन-तीन हजारांवर दमली असती. चांगल्या कंपनीचा खरा मरीन एएनएल 32 व्होल्टला 6,000 अँपिअर तोडतो. लेड-ॲसिडला तो पुरतो. एबीवायसी अगदी मोठ्या लेड-ॲसिड बँकेलाही मेन फ्यूजसाठी 5,000 च मागते. मेगा नावाचा जो बोल्टचा फ्यूज मिळतो त्याची ताकद 2,000. आणि क्लास टी नावाच्या फ्यूजची 20,000, तीही 125 व्होल्ट डीसीला. त्याच्या पोटात वाळू भरलेली असते. कमान पेटली की तिच्या उष्णतेनं वाळूच वितळते, तिची काच होते आणि कमान गिळली जाते.

"पण लिथियमला बीएमएस आहे ना?" मी विचारलं. सेलवर नजर ठेवणारं ते इलेक्ट्रॉनिक सर्किट शॉर्ट झाला तर तोडतं, असं माहितीपत्रकात होतं.

"तोडतं. पण ते ज्या मॉस्फेटनी तोडतं, ते फार मोठ्या प्रवाहात कसे मरतात माहितीय? बहुतेक वेळा आतून जोडले जाऊन. म्हणजे दरवाजा उघडा ठेवून. बीएमएस असू दे. त्याच्या भरवशावर झोपू नकोस."

त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. इन्व्हर्टरवर चहाची किटली लावली, 1500 वॅटची. क्लॅम्प मीटर 145 दाखवत होतं. तापमान मोजायची बंदूक फ्यूजच्या दोन टोकांवर धरली. एका टोकाला 44 अंश, दुसऱ्याला 96. किटलीतलं पाणी आणि फ्यूजचं टोक जणू शर्यतीत होते. फ्यूज खोलला तर डबीचं प्लास्टिक त्या बाजूला चहाच्या रंगाचं झालेलं. कारण काय? बोल्टवर फ्यूजच्या पात्यावर थेट केबलचा लग बसायला हवा, तांब्यावर तांबं. मी मध्ये स्टीलचा वायसर घातला होता, घट्ट बसावं म्हणून. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट. सगळे 145 अँपिअर त्या वायसरमधून पिळवटून जात होते. क्रम असा हवा: पातं, त्यावर लग, मग वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग नट. आजही कुणाच्या बोटीवर गेलो की मी आधी हे वायसर बघतो, आणि तीनात एक तरी चुकलेला असतो.

सोनेरी दागिना त्याच दिवशी निघाला. क्लास टी मागवून घेतला. महाग पडतो, कार-ऑडिओच्या फ्यूजच्या कितीतरी पट. ज्यांना तो मिळत नाही त्यांनी आपल्या कारखान्यांतल्या एचआरसी फ्यूजकडे बघायला हरकत नाही, त्यांच्याही पोटात वाळू असते. पण अंगावर डीसी व्होल्टेज आणि त्या व्होल्टेजला किती किलोअँपिअर हे छापलेलं असेल तरच. नुसतं 415 व्होल्ट एसी लिहिलेला चालणार नाही. आणि कोणताही फ्यूज घेताना एक जास्तीचा घ्यायचा; क्लास टी मालवणात संध्याकाळी सहाला मिळत नाही.

आता बोटीत दोन वेगळी घरं आहेत. इंजिनासाठी एक लेड-ॲसिड बॅटरी, तिच्या टर्मिनलच्या खुंटीवरच बसणारा एमआरबीएफ जातीचा 300 चा ठोकळा. हा फ्यूज मला फार आवडतो. 14 व्होल्टला 10,000 अँपिअर तोडतो आणि बॅटरीपासून अंतर शून्य इंच, मोजायला टेपच नको. तिथे केबल 70 स्क्वेअरचीच आहे. फ्यूजचा आकडा इंजिनाच्या खोलीतल्या क्षमतेहून थोडा वर जातो, पण एबीवायसी गरजेपुरतं दीडपटीपर्यंत जाऊ देते. ती सवलत मी फक्त तिथे घेतली. बाकी सगळ्यासाठी लिथियम, तिला क्लास टी 250. पुढेमागे दुसरी लिथियम बँक जोडली तर तिला तिचा स्वतंत्र क्लास टी लागेल. समांतर जोडलेल्या बॅटऱ्यांत एक बिघडली तर दुसरी आपली सगळी शक्ती तिच्यात ओतते, आणि दोघींना मिळून एकच फ्यूज असेल तर तो बाहेर उभा राहून बघतो.

छोट्या सर्किटांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गाड्यांचे पात्याचे फ्यूज कोणत्याही स्पेअरपार्टवाल्याकडे मिळतात आणि रंग ठरलेले असतात: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. वायरलेसला स्वतंत्र फ्यूज द्या, गाण्यांच्या सिस्टीमबरोबर नको. प्रत्येक सर्किटाला तारेच्या मानानं द्या, झालं.

बिल्ज पंपाबद्दल मात्र थांबतो. तो मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला असतो, कारण आपण घरी असताना त्यानं एकट्यानं पाणी उपसायचं असतं. म्हणूनच त्याचा फ्यूज सर्वात नेमका लागतो. मुंबई बंदरात बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, काय काय येऊन पडतं ते इथे लिहीत नाही. माझ्या पंपाच्या पात्यांत एकदा गुटख्याची रिकामी पुडी अडकली. पंप फिरेना, पण वीज खात राहिला. कारण कधीतरी 5 चा उडाला म्हणून मी 15 चा घातला होता, आणि अडकलेला पंप जेवढं ओढत होता त्याला 15 चा काही दाद देत नव्हता. रविवारी गेलो तर पंपाचं प्लास्टिक मऊ झालेलं आणि बॅटरी मेलेली. पंपाच्या कंपनीनं फ्यूजचा आकडा दिलेला असतो, तो अडकलेल्या पंपाचा विचार करून दिलेला असतो. तिथे वडिलांचे दोन पदर नकोत.

यंदा ऑक्टोबरात बोट उतरवायच्या आधी अर्धा दिवस फक्त यात घातला. टॉर्च आणि आरसा घेऊन प्रत्येक आडभिंतीचं भोक पाहिलं, बुश आहे की नाही. प्रत्येक लग हातानं हलवला. फ्यूजचे नट कंपनीनं सांगितलेल्या ताकदीनं आवळले, आणि पहिल्या महिन्यानंतर पुन्हा आवळायचे म्हणून पंचांगावर खूण केली. नवीन लग बसतात तसे नट थोडे ढिले पडतात. मेहुणा मदतीला होता. आडभिंतीतल्या त्या भोकात त्यानं स्वतः बुश बसवला, आतून बोट फिरवून पाहिलं आणि मग विचारलं, "आता स्विच बंद केला की बंद होणार ना?"

"फ्यूजच्या पलीकडचं होईल," मी म्हटलं. "अलीकडे आता चार बोटं उरलीत."

त्यानं ती चार बोटं मोजून पाहिली. मग अवजारांच्या डब्यातून दहा-अकराचा पाना काढला, त्याच्या डोळ्यातून सुतळी ओवली आणि बॅटरीच्या पेटीच्या कडीला बांधून टाकला. निगेटिव्हचा नट मी या वेळी नीट आवळला आहे, हे त्यानं पाहिलं होतं.